जुन्या गाण्यांचा ऑनलाइन कट्टा बंद करताना

जुन्या मराठी-हिंदी गाण्यांच्या रसिकांचा आमचा ऑनलाइन कट्टा बरीच वर्षं चालला आणि मग आम्ही तो रीतसर बंद केला. कारणं साधी होती. पीएचपी या साइट चालवणाऱ्या भाषेच्या ज्या आवृत्तीवर सगळा डोलारा उभा होता तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं थांबलं होतं, नवे धागे, म्हणजे लेख आणि त्याखालची चर्चा, तुरळक झाले होते आणि रोजच्या गप्पा व्हॉट्सॲपवर गेल्या होत्या. अशी वेळ अजून कितीतरी समूहांवर यायची आहे. म्हणून काम कोणत्या क्रमाने केलं, कुठे अडलं आणि का, ते चालक मंडळाच्या वतीने इथे लिहून ठेवत आहोत.

सगळ्यात आधी ठरवायचं ते म्हणजे जपायचं काय. बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा येतं ते 'निवडक लेखांचं संकलन'. आमच्या मते गाण्यांच्या समूहासाठी हा सगळ्यात वाईट पर्याय आहे. मूळ लेखात गाण्याविषयी जे असतं ते बहुतेक वेळा इतरत्रही मिळतं. खरा ऐवज असतो खालच्या प्रतिसादांत. कुणीतरी संगीतकाराचं नाव देतं, सातव्या प्रतिसादात कुणी ७८ आरपीएम तबकडीच्या लेबलचा फोटो टाकून ते खोडून काढतं, आणि विसाव्या प्रतिसादात तिसरंच कुणी सांगतं की आकाशवाणीवर या गाण्याला आणखी एक अंतरा होता, तो तबकडीवर नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत, त्यामुळे रेकॉर्ड काढताना अंतरा गाळणं ही नेहमीची गोष्ट होती. वाद्यमेळ कुणी बांधला, ॲकॉर्डियन कुणी वाजवलं, हे लेबलवर छापलेलं नसे. ते वादकांच्या आणि ऐकणाऱ्यांच्या आठवणीतच असतं. संकलनात लेख उरतो आणि दुरुस्ती गळते, म्हणजे चूक तेवढी टिकते. त्यामुळे धागा जसा आहे तसा, प्रतिसादांच्या क्रमासह, तारखांसह आणि उद्धृतांसह ठेवायचा हे आम्ही पहिल्यांदा ठरवलं. पुढचं प्रत्येक काम याच कसोटीवर लावलं.

मग मुदत. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा पूर्वसूचना तीन महिन्यांची होती. याहू ग्रुप्सच्या बाबतीत आधी ऑक्टोबर २०१९ मध्ये जुना मजकूर काढून टाकण्याची घोषणा झाली आणि १५ डिसेंबर २०२० ला सगळंच थांबलं. ज्या समूहात निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत आणि कित्येक जण दिवाळीलाच डोकावतात, तिथे तीन महिने कमीच. आम्ही सहा महिने ठेवले आणि ते योग्य ठरलं.

सहा महिन्यांची आखणी अशी. घोषणेच्या दिवशीच नवी नोंदणी बंद. हे लगेच केलं नाही तर 'बंद होणार' ही बातमी वाचून जाहिरातवाले आणि उपद्रवी आयडी आत शिरतात, आणि त्यांना आवरायला त्या दिवसांत कुणाला वेळ नसतो. तीन महिने झाले की नवे धागे बंद, प्रतिसाद चालू. हा मधला टप्पा फार मोलाचा. नवीन काही सुरू करता येत नाही म्हटल्यावर लोक जुने धागे उघडतात आणि राहिलेल्या दुरुस्त्या करतात. लेबलांचे फोटो, गायिकांची अचूक नावं, चित्रपटांची सालं अशी भर आमच्याकडे या काळात जितकी पडली तितकी आधी क्वचितच पडली असेल. पाचव्या महिन्याअखेर सगळं वाचनमात्र. शेवटचा महिना फक्त आपापलं लेखन आणि व्यनि (सदस्यांचे आपसांतले खासगी निरोप) उतरवून घेण्यासाठी. सूचना मात्र एकदाच देऊन भागत नाही. प्रत्येक पानाच्या माथ्यावर पट्टी हवी आणि त्या पट्टीवर 'लवकरच' असं न लिहिता तारीख लिहायची.

शेवटची मेल पाठवणं वाटतं त्यापेक्षा किचकट आहे. जुन्या सदस्यांचे पत्ते रेडिफमेल आणि हॉटमेलच्या काळातले, त्यातले कित्येक कधीच मेलेले. हजारो पत्त्यांवर एकदम मेल सोडली की ती मोठ्या प्रमाणावर परत येते, मेलसेवा आपल्या सर्व्हरला जाहिरातबाज समजतात आणि उरलेल्यांच्या मेलही स्पॅममध्ये जातात. म्हणून आधी गेल्या दोन वर्षांत आलेल्या सदस्यांना, मग त्याआधीच्यांना, अशा लहान-लहान तुकड्यांत आणि दिवसाला ठराविक संख्येने पाठवाव्यात. परत आलेला पत्ता त्याच दिवशी यादीतून काढावा. ज्यांची मेल पोचलीच नाही त्यांच्यासाठी सदस्यांनाच सांगावं की ओळखीच्यांना फोन करा. मराठी समूहात हा मार्ग सगळ्यात जास्त चालतो.

आता मजकुराकडे. मराठी लिखाण जपताना खरं अडतं ते इथे, म्हणून जरा सविस्तर.

साइटचा मजकूर ज्यात साठवतात त्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या जुन्या आवृत्त्यांत अक्षरं साठवण्याचा मूळ साचा लॅटिन-वन, म्हणजे रोमन लिपीपुरता, असायचा. २०१८ साली आठवी आवृत्ती आली तेव्हा तो बदलला. त्यामुळे जुन्या समूहांत मराठी मजकूर बहुधा यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या मावणाऱ्या साच्यातच असतो, पण लॅटिन-वनचं लेबल लावलेल्या रकान्यात बसलेला. साइट चालू असते तोवर दोन चुका एकमेकींना झाकतात आणि पडद्यावर मराठी नीट दिसतं. डेटाबेस उतरवून दुसरीकडे चढवला की झाकण उडतं. प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए' दिसतो आणि त्याच्या मागे कधी चार शिंगांचं वर्तुळ, कधी जपानी येनचं चिन्ह. ही खूण ओळखायला शिका. हे चित्र दिसत असेल तर मजकूर शाबूत आहे, लेबल तेवढं चुकलेलं आहे. प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर मात्र मजकूर गेला, तो जुन्या बॅकअपमधूनच मिळेल.

दुरुस्ती करताना रकान्याचा साचा थेट बदलायचा नाही. तसं केलं की मायएसक्यूएल त्या चुकीच्या चिन्हांनाच खरं मानून त्यांचं रूपांतर करतं आणि गुंता दुहेरी होतो. आधी रकाना ब्लॉब प्रकारात न्यायचा, म्हणजे त्यावरचं लेबल पुसलं जातं, बाइट (साठवलेले मूळ आकडे) तसेच राहतात. मग तिथून यूटीएफ-८ एमबी-४ च्या टेक्स्ट प्रकारात आणायचा. हे सगळं प्रतीवर करायचं, मूळ डेटाबेसला हात लावायचा नाही. मधल्या काळात कुणी साइट अद्ययावत केली असेल तर काही नोंदी चुकीच्या लेबलाच्या आणि काही अचूक असा मिश्र माल निघतो. तेव्हा ज्या नोंदींत वरची खूण आहे त्यांच्यावरच ही क्रिया करावी.

साधं 'यूटीएफ-८' न म्हणता 'एमबी-४' म्हणायचं कारण आहे. मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ-८ एका चिन्हाला तीनच बाइट देतं. देवनागरीला तेवढे पुरतात, इमोजीला चार लागतात. जुन्या ढिल्या मांडणीत इमोजी आला की त्याच्यापुढचा मजकूर तिथेच छाटला जाई, सूचनाही मिळत नसे. असे अर्धवट प्रतिसाद सापडले तर ते लिहिणाऱ्याकडूनच पुन्हा मिळवावे लागतात. म्हणून ही तपासणी लोक अजून हजर असताना, पहिल्या महिन्यातच करावी. तोच प्रकार लांब लेखांचा. टेक्स्ट प्रकारच्या रकान्यात ६५,५३५ बाइट मावतात. देवनागरीच्या हिशेबाने ही जेमतेम २१,८०० चिन्हं. एखाद्या गायकाच्या कारकिर्दीवरचा दीर्घ लेख मध्येच वाक्य तोडून संपतो तो यामुळे. सर्व नोंदींची लांबी मोजून या मर्यादेला टेकलेल्या तेवढ्या वेगळ्या काढल्या की दहा मिनिटांत यादी हाती येते.

त्याहून जुना मजकूर शिवाजी, किरण, श्रीलिपी अशा फॉन्टांतला असतो. तो मुळात रोमन अक्षरांवर मराठीचा मुखवटा आहे. फॉन्ट गेला की अर्थ गेला. रूपांतराची साधनं मिळतात, पण त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. या फॉन्टांत अक्षरं दिसतात त्या क्रमाने टंकलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी येते, रफार नंतर येतो. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही असले की साधनं हमखास गडबडतात. रोमनमध्ये लिहिलेलं मराठी मात्र आम्ही तसंच ठेवलं. कुणी कसं लिहिलं हाही त्या काळाचा भाग आहे. अपवाद आयट्रान्समधल्या मजकुराचा. अविनाश चोपडे यांनी बनवलेल्या या पद्धतीत प्रत्येक ध्वनीला ठरलेलं चिन्ह असतं, त्यामुळे तो मजकूर यंत्राने अचूक देवनागरीत येतो.

एक बारीक गोष्ट मराठीपुरती. 'दऱ्या' हा शब्द पूर्वी काही जण र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह घालून टंकत. मजकूर 'स्वच्छ' करणाऱ्या आज्ञा अशी न दिसणारी चिन्हं काढून टाकतात आणि दऱ्यांचा दर्या होतो. कोळीगीतांच्या धाग्यात हे झालं तर चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून सफाईच्या आज्ञेतून ते चिन्ह वगळावं. 'ॲ' चंही तसंच. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या सगळ्या लिप्यांच्या सामाईक यादीत, २००८ साली आलं. त्याआधी लोक 'अ' वर चंद्र देऊन लिहीत. डोळ्यांना दोन्ही सारखे, शोधणाऱ्या यंत्राला वेगळे. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणाऱ्या ठरलेल्या युनिकोड-प्रमाणीकरणातही ते एक होत नाहीत. मूळ मजकूर न बदलता फक्त शोधाच्या सूचीत दोन्ही रूपं एक धरावीत.

मजकूर सावरला की त्याची स्थिर प्रत करायची. म्हणजे पीएचपी नाही, डेटाबेस नाही, साधी एचटीएमएल पानं. अशा प्रतीला सुरक्षा-दुरुस्त्यांची गरज उरत नाही. डब्ल्यूगेट किंवा एचटीट्रॅकसारखं पानं उतरवणारं साधन चालू साइटवर सोडण्याऐवजी साइटची प्रत आपल्या संगणकावर उभी करून तिथे चालवावं. चालू साइटवर एकच धागा दहा पत्त्यांवर दिसतो: छपाईचं पान, प्रत्येक प्रतिसादाचा स्वतंत्र दुवा, उलटा क्रम, आणि पत्त्याला चिकटलेला सत्र-क्रमांक, म्हणजे साइट प्रत्येक भेटीला देते तो. हा क्रमांक दरवेळी बदलतो, त्यामुळे उतरवणारं साधन तीच पानं पुन्हापुन्हा नवी समजून घेत बसतं आणि डिस्क भरते. हे सगळे पर्याय आधीच वगळायचे. सोबत वॉर्क या वेबपानं जपण्यासाठीच्या स्वरूपातली प्रतही काढावी, इंटरनेट आर्काइव्हसारख्या संग्रहांना तीच उपयोगी पडते. फायलींची नावं धाग्याच्या क्रमांकावरून द्यावीत. शीर्षकावरून दिली तर देवनागरीचं एक अक्षर पत्त्यात नऊ चिन्हं व्यापतं आणि फाइलनावाची २५५ बाइटांची मर्यादा अठ्ठाविसाव्या अक्षरालाच संपते.

इतर ठिकाणांहून आपल्या धाग्यांना दिलेले जुने दुवे चालू राहायला हवेत. जुन्या पत्त्यात प्रश्नचिन्हापुढे धाग्याचा क्रमांक असतो, आणि स्थिर प्रत ठेवणाऱ्या स्वस्त सेवा तो भाग वाचत नाहीत. जुन्या पत्त्याच्या जागी एक छोटं पान ठेवून त्यातल्या चार ओळींच्या जावास्क्रिप्टने वाचकाला नव्या पानावर पाठवलं की काम होतं. वेळेचंही पाहून घ्या. सर्व्हर अमेरिकेत असेल तर नोंदींच्या तारखा तिथल्या असू शकतात. 'आज सकाळी रेडिओवर लागलं' या वाक्याला अर्थ राहायचा तर भारतीय वेळ लावून, तसं पानाच्या तळाशी लिहून ठेवावं.

डेटाबेसवर चालणारी जुनी शोधपेटी स्थिर प्रतीत राहत नाही. तिची जागा सूच्यांनी भरून काढावी: गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट, साल. हे काम यंत्राचं नाही. सदस्यांनीच ते वाटून घेतलं आणि आमच्या दृष्टीने निरोपाच्या सगळ्या काळातलं हे सगळ्यात सुंदर काम होतं. एकेका आद्याक्षराची जबाबदारी एकेकाने घ्यायची, दुसऱ्याने तपासायची. जाणाऱ्या समूहाला हाताला काम मिळतं, आणि नुसत्या हळहळीच्या प्रतिसादांपेक्षा ते कितीतरी बरं.

चित्रांचा प्रश्न वेगळा. लेबलांचे, कॅसेटच्या आवरणांचे फोटो बहुतेकांनी फुकट चित्रं ठेवणाऱ्या साइटींवर टाकलेले असतात. त्यांचे नियम बदलले किंवा त्या बंद पडल्या की धाग्यात रिकामी चौकट उरते. जी अजून दिसतात ती घोषणेच्या आठवड्यातच उतरवून घ्यावीत. जी गेली त्यांच्या मालकांना विचारावं, अनेकांच्या घरच्या संगणकात ती सापडतात.

गाण्यांच्या शब्दांचं आणि ध्वनीचं काय करायचं यावर आमच्यात मतभेद होते, कायदा पाहून ते मिटले. भारतीय कायद्यात गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर साठ वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर साठ वर्षं. दोन्ही मोजायची ती पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून. गदिमा १९७७ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत. सुधीर फडके २००२ साली गेले, त्यांच्या चालींचा २०६२ अखेरपर्यंत. तबकडी १९५५ ची असली आणि मुद्रणावरचा हक्क संपला असला, तरी तिच्यातले शब्द आणि चाल मोकळी झालेली नसते. म्हणून ध्वनिफिती आम्ही काढल्या, पूर्ण गीतं काढली, चर्चेत उद्धृत केलेल्या ओळी ठेवल्या. काढलेल्या जागी 'येथे गीत होते' असं लिहिलं, नाहीतर खालच्या प्रतिसादांचा संदर्भच लागत नाही.

सदस्यांच्या लेखनावर हक्क सदस्यांचाच. घोषणेसोबत प्रत्येकाला तीन पर्याय द्यावेत: नावासह राहू द्या, नाव काढा, लेखन काढा. तिसरा पर्याय मागणाऱ्यांना आम्ही आधी दुसऱ्याचा अर्थ समजावून सांगत होतो. सदस्यनाम काढून 'माजी सदस्य' केलं की धागा अभंग राहतो. तरीही कुणाला काढायचंच असेल तर वाद न घालता काढावं आणि इतरांनी उद्धृत केलेला त्यांचा भागही काढावा. हे दुसरं काम हमखास राहून जातं, कारण उद्धृतं इतरांच्या नोंदींत विखुरलेली असतात.

दिवंगत सदस्यांची खाती हा नाजूक भाग आहे. त्यांचा पासवर्ड कुणालाही देऊ नये, अगदी घरच्यांनाही. व्यनि दोन माणसांचे असतात आणि दुसरा माणूस हयात असतो. त्याऐवजी त्या सदस्याचं सगळं जाहीर लेखन एकत्र करून, छापता येईल अशी पीडीएफ घरच्यांना द्यावी. वडील एवढं लिहीत होते हे कित्येक घरांत ठाऊकच नसतं.

व्यनि, पासवर्डच्या नोंदी, मेलचे पत्ते, आयपी पत्ते हे सगळं शेवटच्या महिन्यानंतर पुसायचं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड एमडी-५ सारख्या कमकुवत पद्धतीने ठेवलेले असतात आणि लोक तोच पासवर्ड इतरत्र वापरतात. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचं तत्त्वही तेच आहे, काम संपलं की माहिती ठेवायची नाही. चूक इथे होते ती अशी की चालू डेटाबेस पुसला जातो आणि होस्टिंगवाल्याकडचे रोजचे बॅकअप, कुणाच्या तरी लॅपटॉपवरची प्रत, मेलने पाठवलेली झिप फाइल तशीच राहते. सगळ्या प्रतींची यादी करून एकेक खोडत जावं.

शेवटचा धागा आम्ही भैरवीचा ठेवला. मैफलीचा शेवट भैरवीने होतो, तेव्हा दुसरं नाव सुचायचं कारणच नव्हतं. नियम एकच: प्रत्येकाने एक भैरवी लिहायची, ती पहिल्यांदा कुठे ऐकली ते सांगायचं, गाणं कोणतं, कुणी बांधलं ते अचूक द्यायचं. शोकसंदेशांसाठी वेगळा धागा ठेवला होता. या धाग्यात लोकांनी शेवटच्या रात्रीपर्यंत एकमेकांच्या चुका काढल्या, आग्रहाने आणि प्रेमाने. ज्या गोष्टीसाठी कट्टा होता ती शेवटपर्यंत चालू राहिली याचा आम्हाला फार आनंद आहे.

मग उरतं नाव, म्हणजे डोमेन. साइट बंद झाली म्हणून ते सोडून देऊ नये. डॉट कॉमसारखं नाव मुदत संपल्यावर साधारण महिना-दीड महिना जुन्याच मालकाला नूतनीकरणासाठी मिळतं, त्यानंतर तीस दिवस जादा पैसे भरून सोडवता येतं, मग पाच दिवसांनी ते खुलं होतं. चांगलं चाललेलं नाव त्या दिवशीच जुगाराच्या साइटीकडे जातं आणि आपल्या सगळ्या जुन्या दुव्यांवर ती उघडते. शिवाय त्या नावाच्या मेल पत्त्यांवर उघडलेली खाती नव्या मालकाच्या हाती लागू शकतात, म्हणून ती आधीच दुसऱ्या पत्त्यावर हलवावीत. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची नोंदणी करता येते. वर्गणीतून उरलेले पैसे आम्ही त्यातच घातले आणि हिशेब बंद होण्याआधी सर्वांसमोर मांडला. होस्टिंगचे आपोआप कापले जाणारे पैसे थांबवायला विसरू नका, ते कुणाच्या तरी वैयक्तिक कार्डावर असतात.

स्थिर प्रत तीन ठिकाणी आहे: एक जालावर, दोन हार्ड डिस्कवर, त्यांतली एक वेगळ्या शहरात. सोबत प्रत्येक फाइलच्या शा-२५६ बेरजांची, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणाऱ्या ठशांची, यादी आहे. वर्षातून एकदा, गुढीपाडव्याच्या आठवड्यात, दोन्ही डिस्क लावून ही यादी ताडून पाहायची. एखादी बेरीज चुकली तर ती फाइल दुसऱ्या डिस्कवरून घ्यायची. डिस्क पाच वर्षांची झाली की तक्रार नसली तरी नवी घ्यायची. हे काम दोघांकडे आहे आणि त्या दोघांपैकी कुणाला जमेनासं झालं तर डिस्क कुणाकडे जाईल त्याचं नाव डिस्कच्याच डब्यात लिहून ठेवलं आहे.